पुस्तकामागे दहा रुपये

दिवाळीच्या अंकात आमच्यासारख्या सदर चालवणाऱ्यांनी काहीतरी गोडधोड लिहावे असा संकेत आहे. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी कोणी वाढीत नाही. परंतु वाचकहो, यंदा मला माझी स्वतःचीच एक फजिती तुम्हांला सांगायची आहे. ती गेल्या दिवाळीतच घडलेली असल्यामुळे तिला निदान मुहूर्त तरी चांगला लाभलेला आहे.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. घरात पुस्तके भांड्यांपेक्षा जास्त. अशा घरात वाढलेली आमची कन्या गेल्या दिवाळीत दहा वर्षांची होती, आणि तोवर तिच्याविषयी माझी तक्रार एकच होती: जेवायला हाक मारली तरी ती पुस्तकातून डोके वर काढीत नसे. पांघरुणात टॉर्च घेऊन वाचताना ती दोनदा पकडली गेली होती. आता अशा मुलीला वाचनासाठी उत्तेजन देण्याची काही गरज होती का? मुळीच नव्हती. पण आम्हां सुशिक्षित आयांचा स्वभावच असा, की चांगली चाललेली गोष्ट आणखी चांगली चालावी म्हणून तिला हात लावल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी जाहीर केले, "एक पुस्तक वाचून झालं की दहा रुपये!" हे बँकेत आहेत, त्यांनी योजनेला तत्काळ मंजुरी दिली आणि हिशेबासाठी एक कोरी वही काढून दिली.

पहिले चार दिवस मी धन्य झाले. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले की, कपाटातली जाडजूड पुस्तके जागच्या जागी आहेत आणि बारीक पुस्तकांची फळी मात्र रिकामी होत चालली आहे. आठव्या दिवशी "चित्रांचं पुस्तक चालेल ना?" अशी विचारणा झाली. बाराव्या दिवशी देवघरातला आरत्यांचा संग्रह वहीत नोंदला गेला. सुट्टी संपली तेव्हा एकूण पुस्तके झाली ३१ आणि मी देणे लागत होते ३१० रुपये. ते मी मुकाट्याने दिले.

खरी फजिती पुढेच आहे. शाळा सुरू झाली, योजना बंद झाली. आणि पुस्तकेही बंद झाली. टॉर्च खणात पडून राहिला. एका रविवारी दुपारी ती नुसतीच खिडकीत बसलेली पाहून मी म्हटले, "अगं, वाच ना काहीतरी." तिने विचारले, "आता किती मिळतील?" स्वर उद्धट नव्हता. दुधाचा भाव विचारावा इतक्या सहजपणे तिने विचारले. माझ्या पोटात मात्र धस्स झाले. दहा वर्षे आपोआप वाढलेली एक गोष्ट मी तीन आठवड्यांत विकत घेऊन मारून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हे गाऱ्हाणे मी आमच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकबाईंपुढे मांडले. त्या डबा खाता खाता मनसोक्त हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, पन्नास वर्षांपूर्वीचा एक गाजलेला प्रयोग तुम्ही घरच्या घरी करून पाहिलात. फरक एवढाच की, त्यांनी आधी मुलांच्या आईवडिलांना विचारलं असेल!"

तो प्रयोग असा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्केचपेनांनी चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली मुले निवडली. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की, चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचे, फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काहीच सांगितले नाही. चित्रे झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अकस्मात दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. काही दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेने ठेवली. आता कोणी सांगणार नव्हते, कोणी काही देणार नव्हते. मुले आपण होऊन किती वेळ चित्रे काढतात एवढेच लपून पाहायचे होते. ज्यांना बक्षिसाची आशा दाखवली होती ती मुले इतरांच्या जेमतेम निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. अकस्मात बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे त्यावर पंडितांचे पुष्कळ रण माजले. १९९९ साली एडवर्ड डेसी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हाही सार तेच निघाले: आवडीच्या कामाला आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाची जोड दिली, तर मूळची आवड ओसरते. ज्या कामात मुळात गोडी नाही तेथे बक्षिसाने तसे नुकसान होत नाही.

मग आजवर आपण ऐकत आलो ते काय खोटे? बक्षिसाने माणूस शिकतो, शिक्षेने सुधारतो, हे तर व्यवहारातले पहिले सूत्र. ते शास्त्राच्या दरबारात आणले एडवर्ड थॉर्नडाइक यांनी. विद्यार्थिदशेत हार्वर्डला असताना त्यांनी खोलीत कोंबडीची पिल्ले पाळून त्यांच्यावर प्रयोग मांडले. घरमालकिणीने हरकत घेतली. तेव्हा विल्यम जेम्स या थोर तत्त्वज्ञाने आपल्या घराचे तळघर या पिल्लांना देऊ केले. पिल्लांसाठी चक्रव्यूह रचायला थॉर्नडाइक पुस्तके उभी करून ठेवीत. पुस्तकांचा शिक्षणासाठी इतका शब्दशः उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

पुढे त्यांनी मांजरांसाठी लाकडी पेट्या तयार केल्या. भुकेले मांजर आत, खाणे बाहेर. आतला खटका दाबला किंवा दोरी ओढली की दार उघडायचे. मांजर आधी ओरबाडी, चावे, धडपडे. मग कधीतरी चुकून खटक्यावर पाय पडे. पुन्हा आत ठेवले की थोडे लवकर सुटे. आणखी काही वेळांनी तर आत ठेवताक्षणी खटका दाबून बाहेर! १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून पुढे 'परिणामाचा नियम' निघाला. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा ती कृती रुजते, ज्या कृतीचा परिणाम दुःखाचा ती गळून पडते, असा त्याचा साधा आशय.

हा नियम माझ्या कन्येच्या बाबतीत चुकला का? विचार केला तेव्हा कळले की, तो तंतोतंत खरा ठरला. मी वाचनाला बक्षीस दिलेच नव्हते. मी पुस्तक संपवण्याला बक्षीस दिले होते, आणि पुस्तके झटपट कशी संपवावीत हे ती उत्तम शिकली. परिणामाचा नियम आपला हेतू पाहत नाही. आपण पैसे कशाला मोजले तेवढेच पाहतो. हनोई शहरात १९०२ साली फ्रेंच सरकारने उंदीर मारण्यासाठी प्रत्येक शेपटीमागे इनाम लावले, तेव्हा शेपटांचे ढीग जमू लागले आणि शहरात बिनशेपटीचे उंदीर खुशाल हिंडताना दिसू लागले! शेपूट कापून उंदीर सोडून द्यावा, म्हणजे त्याची प्रजा वाढून पुढचे इनाम मिळत राहते, हा हिशेब लोकांनी केला होता. आरत्यांच्या संग्रहाची नोंद करणारी आमची कन्या त्याच परंपरेतली.

थॉर्नडाइक यांचे सूत्र पुढे नेले बी. एफ. स्किनर यांनी. या गृहस्थांना तरुणपणी साहित्यिक व्हायचे होते. कॉलेज संपल्यावर वर्षभर त्यांनी लिहून पाहिले, सांगण्यासारखे आपल्यापाशी काही नाही असे त्यांच्या ध्यानात आले आणि ते मानसशास्त्राकडे वळले. (आमच्या क्षेत्रात इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे!) त्यांच्या पेटीत उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडे. या गोळ्या ते स्वतःच वळीत. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशेब केला, तो सोमवारपर्यंत साठा संपणार! सुट्टीची दुपार गोळ्या वळण्यात घालवायची नव्हती, म्हणून त्यांनी दर वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यायचे ठरवले. आणि उंदीर दांडी दाबीतच राहिले. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा बक्षिसावर पोसलेली सवय तर नेहमी मिळणाऱ्या बक्षिसाच्या सवयीपेक्षा किती तरी चिवट असते असे पुढे दिसून आले. नेहमी मिळणारे एकदा बंद झाले की उंदीर लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळणारे बंद झाले तर त्याला वाटत राहते, आता पुढच्या खेपेला मिळेल.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आला माझा साडेतीन वर्षांचा भाचा. जेवताना त्याला मोबाईल लागतो. "आजपासून मोबाईल मुळीच द्यायचा नाही," असा निश्चय माझी बहीण दर सोमवारी करते. सोमवारी तो दहा मिनिटे रडतो, ती देत नाही. मंगळवारी वीस मिनिटे रडतो, ती देत नाही. बुधवारी पाहुणे येतात, तो अर्धा तास रडतो, आणि ती देते. बहिणीची समजूत अशी की, तीन दिवसांत दोनदा तरी मी जिंकले. पण भाचा काय शिकला? अर्धा तास रडावे लागते, हे शिकला. आणि गंमत पाहा, मोबाईल देताच रडणे थांबते, म्हणजे बहिणीलाही बक्षीस मिळते: शांतता. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे जी सवय जडते तिला मानसशास्त्रात 'ऋण प्रबलन' असे भारदस्त नाव आहे. तेव्हा त्या घरात कोण कोणाला शिकवतो आहे हा प्रश्न मी बहिणीला अजून विचारलेला नाही. नाते टिकवायचे आहे.

हे सारे मी एका संध्याकाळी घरी सांगत होते. सासूबाई दिव्याच्या वाती वळीत ऐकत होत्या. त्यांनी तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले आहे. मी म्हटले, "आई, तुमच्या वेळी बरं होतं. बक्षीस नाही नि काही नाही. छडी एके छडी."

त्यांचे हात थांबले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "छडीची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाहीये. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष होतं. एक पोरगा रोज उशिरा यायचा. रोज हातावर एक छडी. नियमच होता तो, मी काही वेगळं करत नव्हते. मग हळूहळू त्याचं उशिरा येणं कमी झालं. मला वाटलं, सुधारला. हजेरी नीट बघितली तर ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी तो येतच नव्हता! पुढे येणंच बंद झालं. घरी गेले विचारायला. आई आजारी. पहाटे उठून गुरांचं सगळं करून, पाणी भरून तो यायचा. मी म्हटलं, 'बाळा, उद्यापासून ये, मी मारणार नाही.' तो दाराआड गेला, बाहेरच आला नाही." मग वाती पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "पोरगा हुशारच होता गं. मी जे शिकवलं ते तो बरोबर शिकला. उशिरा गेलं की मार बसतो. गेलंच नाही तर बसत नाही."

मानसशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात शिक्षेविषयी जे सांगितलेले आहे त्याचे मर्म माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या वाक्यात आहे. शिक्षेने मूल चूक टाळायला शिकेलच असे नाही. शिक्षा टाळायला मात्र ते नक्की शिकते. मग कधी ते खोटे बोलते, कधी पाटी लपवते, कधी शाळाच सोडते. स्किनर यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात उंदरांच्या दोन गटांची हकीकत दिली आहे. दोन्ही गटांना मिळणारे खाणे बंद केले. त्यांपैकी एका गटाला, दांडी दाबली की सुरुवातीला काही वेळ पंज्यावर चापटी बसे. चापटीसरशी त्यांचे दाबणे एकदम मंदावले. पण चापट्या थांबल्यावर त्यांनी पुन्हा दाबायला सुरुवात केली आणि दुसरा दिवस संपेपर्यंत दोन्ही गटांची बेरीज सारखीच झाली. सवय मेली नव्हती, ती दबा धरून बसली होती. खुद्द थॉर्नडाइक यांनीही पुढे आपले मत बदलले. माणसांना शब्दांचे अर्थ ओळखायला सांगून उत्तराला ते "बरोबर" किंवा "चूक" म्हणत. १९३२ साली त्यांनी लिहिले की, "बरोबर" म्हटल्याने ते उत्तर जितके पक्के होते तितके "चूक" म्हटल्याने चुकीचे उत्तर ढिले होत नाही. त्यांनी शिक्षेला जरा जास्तच निकालात काढले, असे नंतरच्या संशोधकांना वाटले. चटका बसला की हात मागे येतोच. पण काय करू नये एवढेच चटका सांगतो; काय करावे हे तो सांगत नाही.

असे असूनही "रागावल्याशिवाय पोरं वठणीवर येत नाहीत" असे प्रत्येक अनुभवी शिक्षक शपथेवर का सांगतो? याचे उत्तर मला डॅनियल कानेमान यांच्या एका आठवणीत सापडले. २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हे मानसशास्त्रज्ञ एकदा इस्रायलच्या विमानदलातील शिक्षकांना सांगत होते की, शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो. एक अनुभवी शिक्षक उठून म्हणाला, "साफ खोटं. उत्तम कसरत केलेल्या मुलाची मी स्तुती केली की पुढच्या खेपेला तो हमखास बिघडतो. वाईट केलेल्याला खडसावलं की हमखास सुधारतो." शिक्षकाचे निरीक्षण अगदी खरे होते, निष्कर्ष मात्र चुकला होता. कोणाचीही कामगिरी रोज थोडी खाली-वर होत असते. अतिशय वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बरा जातो आणि फार चांगल्या दिवसानंतरचा थोडा उणा. मग तुम्ही रागवा, स्तुती करा की गप्प बसा. पण आपण वाईट दिवशी रागावतो आणि चांगल्या दिवशी शाबासकी देतो. त्यामुळे राग आपल्याला गुणकारी वाटतो आणि शाबासकी बाधक. खडसावणाऱ्याला असे जन्मभर बक्षीस मिळत राहते, आणि त्याची सवय पक्की होत जाते.

आपल्याकडे पाच वर्षे लालन, पुढे दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मैत्री, असा क्रम चाणक्यनीतीत सांगितला आहे. आता ती मधली दहा वर्षे कायद्यानेच रद्द केली आहेत. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याचे कलम १७ शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करते, आणि मानसिक छळालाही. हे दुसरे अर्धे कलम आपण सोयीस्करपणे विसरतो. छडी शाळेतून गेली. पण "शेजारच्या मुलीचे मार्क बघ" ही छडी अजून घरोघर आहे, आणि तिचे वळ दिसत नाहीत.

मग करावे काय? याचे उत्तर पुन्हा स्किनर यांच्याच चरित्रात आहे. १९५३ सालच्या नोव्हेंबरात ते आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. मुले उदाहरणे सोडवीत होती. कोणाचे लवकर झाले, ते कंटाळून बसले होते. कोणाला येतच नव्हते, ते गोंधळले होते. आणि आपले बरोबर की चूक हे कोणालाच त्या क्षणी कळत नव्हते. वह्या तपासून उद्या मिळणार! स्किनर अस्वस्थ होऊन घरी आले आणि त्यांनी शिकवण्याचे एक यंत्र रचले. त्यात एकेक लहान पायरी, प्रत्येकाला आपापला वेग आणि उत्तर बरोबर असल्याचे लगेच कळणे एवढ्याच गोष्टी होत्या. मुलांना त्यांनी गोळ्या-चॉकलेटे वाटली नाहीत. आपल्याला जमले, हे कळणे हीच मुलाची गोळी, हा त्यांचा विश्वास होता.

हे वाचल्यावर मी माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे मी निबंधांवर लाल शाई ओतते आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका घेरून टाकते आणि गठ्ठा तीन आठवड्यांनी परत देते. तोवर आपण काय लिहिले होते हेही मुले विसरलेली असतात. या वर्षी मी एवढेच केले की, प्रत्येक निबंधातले एक तरी चांगले वाक्य शोधून त्याखाली रेघ मारायची, ते का चांगले हे समासात लिहायचे आणि गठ्ठा आठवड्याच्या आत परत करायचा. एक चांगले वाक्य शोधायला कधी कधी दोन-दोन वेळा वाचावे लागते! पण परवा मागच्या बाकावरचा एक मुलगा तासानंतर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, त्या वाक्यासारखं अजून एक लिहिलंय. बघता?" गेल्या वीस वर्षांत मारलेल्या लाल वर्तुळांनी एकही मुलगा असा थांबवला नव्हता.

आणि कन्या? तिचे वाचन मी परत आणले असे म्हणायला मला आवडले असते. पण मी काहीच केले नाही. उन्हाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काही दिवस वाचायला बंदी, आणि त्यांना दुपारी वाचल्याशिवाय झोप येत नाही. त्यांनी नातीला हाक मारली, "जरा वाचून दाखवतेस का गं? कालच्या प्रकरणात मी अडकलेय." पैसे नाहीत, वही नाही, शाबासकीदेखील नाही, आजीला खरोखरच पुढचे ऐकायचे होते. पहिल्या दिवशी कन्येने नाखुशीने दोन पाने वाचली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी दुपारी घरी आले, तर आजी केव्हाच घोरत होती आणि नात मोठ्याने वाचतच होती. मी चपला हातात घेऊन मागच्या पावली स्वयंपाकघरात गेले. कौतुक करायचा मोह झाला होता. तो मी कसा आवरला हे माझे मलाच ठाऊक!

आता पुन्हा दिवाळी आली आहे. आमच्या इमारतीच्या आवारात पोरे चिखलात बरबटून किल्ला रचीत आहेत. बुरूज ढासळतो, पुन्हा रचतात. जेवायला हाका माराव्या लागतात. परवा सोसायटीचे चिटणीस उत्साहाने म्हणाले, "यंदा किल्ल्याला पहिलं बक्षीस पाचशे रुपये ठेवू या का?" मी जवळजवळ ओरडलेच. शेवटी असे ठरले की, आधी काहीही जाहीर करायचे नाही. पाडव्याच्या संध्याकाळी सगळ्यांनी खाली जाऊन किल्ला नीट पाहायचा आणि पोरांनाच विचारायचे, ही वाट कुठे जाते, हे टाके कशासाठी, तोफ कोणत्या बुरजावर. मग सगळ्यांना करंज्या.

काल रात्री माळा आवरताना ती हिशेबाची वही हाती लागली. ३१ पुस्तके, ३१० रुपये. कन्या मागून डोकावली. तिच्या हातात एक चांगलेच जाडजूड पुस्तक होते. वहीकडे पाहून ती जरा साशंकपणे म्हणाली, "आई, हे त्याच्यात लिहायचं नाहीये ना?"

मी वही रद्दीत टाकली.